न्यू जर्सीतील ऐतिहासिक घर: नोंद तपासणे, मंजुरी घेणे आणि दुरुस्ती करणे यांचा योग्य क्रम

न्यू जर्सीत शंभर-सव्वाशे वर्षांचे घर घेणारे लोक दोन परस्परविरुद्ध चुका करतात. काही जण ‘हे घर नॅशनल रजिस्टरवर आहे’ एवढे ऐकूनच व्यवहार सोडून देतात, कारण त्यांच्या मनात भारतातील पुरातत्त्व खात्याचा कायदा असतो, ज्यात संरक्षित स्मारकाभोवतीच्या १०० मीटरमध्ये नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. दुसरे काही जण ‘नॅशनल रजिस्टरवर नाही ना, मग झाले’ म्हणून निर्धास्त होतात, समोरच्या खिडक्या बदलून टाकतात आणि महिन्याभरात टाउनची नोटीस हातात पडते. ज्या यादीचे नाव सर्वांत मोठे, तिचा खासगी मालकावरील अंकुश सर्वांत कमी असतो आणि जिचे नावही फारसे कोणी ऐकलेले नसते, त्या टाउनच्या यादीचा अंकुश सर्वांत जास्त असतो. हे उमगले नाही तर पुढचा सगळा क्रम चुकतो.

खालील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत. प्रत्येक टाउनचा ऑर्डिनन्स (स्थानिक कायदा) वेगळा असल्यामुळे तपशील आपापल्या टाउन हॉलमधून पडताळून घ्यावा.

टप्पा १: तीन याद्या एकमेकींपासून वेगळ्या करा

पहिली यादी म्हणजे नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस. ती १९६६च्या संघराज्य कायद्याखाली नॅशनल पार्क सर्व्हिस सांभाळते. घर या यादीवर असले, मालक खासगी असला आणि पैसा त्याचा स्वतःचा असला, तर या यादीच्या जोरावर त्याला कोणीही अडवू शकत नाही; घर पाडायचे ठरवले तरीही नाही. संघराज्य सरकारचा निधी, परवाना किंवा प्रकल्प त्या जागेशी संबंधित असेल, तेव्हाच त्या कायद्याच्या कलम १०६ खाली परिणामांची तपासणी होते. नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क हा त्याहून वरचा आणि मोजक्या वास्तूंना मिळणारा दर्जा आहे. प्रिन्स्टनचा नासाऊ हॉल, मर्सर स्ट्रीटवरील आइन्स्टाइन यांचे घर, पॅटरसनचे हिंचलिफ स्टेडियम ही त्याची न्यू जर्सीतील उदाहरणे. परंतु खासगी मालकाच्या दृष्टीने नियम तोच राहतो.

दुसरी यादी राज्याची, म्हणजे १९७०च्या कायद्याने सुरू झालेले न्यू जर्सी रजिस्टर. हिचा रोख सरकारी संस्थांवर आहे. राज्य, काउंटी किंवा टाउन यांना नोंद असलेल्या वास्तूला बाधा आणणारे काम करायचे असेल, तर त्यांना राज्याच्या पर्यावरण खात्याची मंजुरी घ्यावी लागते. आपल्या घरासमोरचा रस्ता काउंटीने रुंद करायला घेतला, तर ही यादी आपल्या बाजूने उभी राहते.

तिसरी यादी टाउनची. राज्याच्या म्युनिसिपल लँड यूज लॉने टाउनना स्वतःचे ऐतिहासिक विभाग ठरवण्याचा आणि हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन कमिशन नेमण्याचा अधिकार दिलेला आहे. मालकाच्या हाताला खरी वेसण घालते ती हीच. केप मे शहर १९७६ पासून नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. पण तेथील मालकाला पोर्चचा कठडा बदलण्यापूर्वी अर्ज करावा लागतो तो शहराच्या ऑर्डिनन्समुळे, लँडमार्कच्या दर्जामुळे नव्हे.

तपासा: विकणारा किंवा रिअल्टर ‘घर हिस्टॉरिक आहे’ म्हणाला, तर ‘तिन्हींपैकी कोणत्या यादीवर?’ असा थेट प्रश्न विचारा. उत्तर अडखळत आले, तर ते उत्तर नाही असे धरून पुढच्या टप्प्याला लागा.

टप्पा २: अटर्नी रिव्ह्यूच्या मुदतीतच नोंद शोधा

रिअल्टरने तयार केलेल्या घराच्या काँट्रॅक्टला न्यू जर्सीत कामकाजाच्या तीन दिवसांची अटर्नी रिव्ह्यूची, म्हणजे वकिलाकडून काँट्रॅक्ट तपासून घेण्याची, मुदत असते. ऐतिहासिक नोंदीचा शोध क्लोझिंगनंतर (खरेदी पूर्ण झाल्यावर) घेण्यात काही अर्थ नाही, कारण तेव्हा काँट्रॅक्टमध्ये अट घालण्याची संधी गेलेली असते. तीन दिवसांत सगळी कागदपत्रे हाती येणार नाहीत हे उघड आहे. म्हणून ‘स्थानिक ऐतिहासिक नोंद आणि पूर्वीच्या मंजुऱ्या समाधानकारक आढळल्यास’ अशा आशयाची अट घालून घ्यायला वकिलाला सांगावे आणि मग शांतपणे पुढील चौकशी करावी.

सुरुवात राज्याच्या हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन ऑफिसच्या ऑनलाइन नकाशापासून करा. त्या नकाशाचे नाव ‘लूसी’ आहे, आणि न्यू जर्सीकरांना मार्गेटच्या किनाऱ्यावरची १८८१ मध्ये बांधलेली लाकूड-पत्र्याची महाकाय हत्तीण आठवल्याशिवाय ते उच्चारता येत नाही. पत्ता टाकला की घर राज्याच्या किंवा राष्ट्रीय यादीवर आहे का, अथवा नुसते नोंदीस पात्र ठरवलेले आहे का, हे दिसते. पात्र ठरणे आणि नोंद होणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. त्या एकच समजू नयेत.

नकाशावर काही दिसले नाही म्हणून तेथेच थांबू नका. टाउनच्या झोनिंग ऑफिसला ई-मेल करून, घराचा ब्लॉक आणि लॉट क्रमांक देऊन, दोन गोष्टी लेखी विचारा: हे घर स्थानिक ऐतिहासिक विभागात किंवा स्वतंत्र स्थानिक लँडमार्क म्हणून नोंदलेले आहे का, आणि विभागात असल्यास ते ‘काँट्रिब्युटिंग’ गणले जाते की नाही. काँट्रिब्युटिंग म्हणजे विभागाच्या ऐतिहासिक महत्त्वात भर घालणारे घर. त्याच गल्लीत १९८० मध्ये बांधलेले घर बहुधा ‘नॉन-काँट्रिब्युटिंग’ असते आणि त्याला अनेक ठिकाणी सौम्य निकष लागतात. शेजाऱ्याला प्लास्टिकच्या खिडक्या बसवू दिल्या आणि मला नाही, ही तक्रार बऱ्याच वेळा या फरकातून उद्भवते.

त्यानंतर राज्याच्या ओप्रा, म्हणजे सरकारी कागदपत्रे मागवण्याच्या, कायद्याखाली टाउन क्लर्ककडे त्या पत्त्याच्या जुन्या परमिटांची आणि कमिशनच्या ठरावांची मागणी करा. साधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. या कागदांत कधी कधी आधीच्या मालकाने मंजुरीशिवाय केलेले काम सापडते, आणि ते काम घराबरोबर आपल्या गळ्यात पडते.

सावधान: टायटल सर्चमध्ये (मालकीच्या कागदांच्या तपासणीत) संरक्षणाचा ईझमेंट, म्हणजे वास्तू जपण्याचे मालकीला जोडलेले कायदेशीर बंधन, आहे का ते वकिलाला आवर्जून पाहायला सांगा. पूर्वी एखाद्या संस्थेने अनुदान घेऊन वास्तू दुरुस्त केलेली असेल, तर त्या बदल्यात दिलेला ईझमेंट नव्या मालकालाही बांधतो, आणि तो या तिन्ही याद्यांपैकी कोणत्याही यादीत दिसत नाही.

टप्पा ३: कशालाही हात लावण्यापूर्वी घराचे दप्तर तयार करा

कमिशनपुढे अर्ज फेटाळले जाण्यापेक्षा पुढच्या महिन्यावर ढकलले जाण्याचे प्रमाण मोठे असते, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा अपुरे दप्तर हेच असते. चारी बाजूंचे सरळ, समोरून घेतलेले फोटो काढा. मग कौलबंदी, कॉर्निस (छताच्या कडेची पुढे आलेली पट्टी), खिडक्यांच्या चौकटी, पोर्चचे खांब यांचे जवळून फोटो काढा आणि प्रत्येकावर दिशा व तारीख लिहा. रंगाचे पोपडे निघालेल्या जागेचा फोटो वगळू नका. नुकसान दाखवणारा फोटो हाच दुरुस्तीची गरज सिद्ध करतो.

घराचा काळ ठरवताना टॅक्स रेकॉर्डवरील ‘बांधल्याचे वर्ष’ प्रमाण मानू नका. ते पुष्कळदा अंदाजाने भरलेले असते. काउंटी क्लर्ककडील डीडची (खरेदीखतांची) साखळी मागे मागे न्या आणि तिच्या जोडीला सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्यासाठी काढलेले नकाशे पाहा. न्यू जर्सीतील अनेक गावांचे हे नकाशे प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसने ऑनलाइन ठेवलेले आहेत. या नकाशांत विटेचे घर गुलाबी आणि लाकडी घर पिवळे रंगवलेले असते, पोर्चही दाखवलेले असतात. एका वर्षीच्या नकाशात पोर्च नाही आणि पुढच्या आवृत्तीत आहे असे दिसले, तर तो पोर्च नंतर जोडलेला आहे हे त्या दोन नकाशांनीच सिद्ध होते, आणि ‘मूळ पोर्च’ म्हणून त्याच्यासाठी भांडण्याची वेळ येत नाही.

टप्पा ४: कमिशनची मंजुरी आधी, काँट्रॅक्टरला ॲडव्हान्स नंतर

सर्वाधिक पैसा या टप्प्यावर वाया जातो, आणि तो एका अर्धसत्यामुळे. काँट्रॅक्टर म्हणतो, ‘खिडक्यांना परमिट लागत नाही.’ तो खोटे बोलत नसतो. राज्याच्या बांधकाम संहितेत २०१८ मध्ये झालेल्या बदलानंतर एक-दोन कुटुंबांच्या घरात चौकटीचे माप न बदलता त्याच जागी खिडकी बसवणे, किंवा सुट्या घराचे छताचे आवरण बदलणे, ही सामान्य देखभाल समजली जाते आणि तिला बांधकाम परमिट लागत नाही. पण बांधकाम परमिट आणि कमिशनची मंजुरी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. घर स्थानिक विभागात असेल, तर परमिट न लागणाऱ्या कामालाही ‘सर्टिफिकेट ऑफ ॲप्रोप्रिएटनेस’, म्हणजे कमिशनचे मंजुरीपत्र, लागू शकते. खिडक्या मापाने बनवून घेतलेल्या असतात, परत करता येत नाहीत, आणि त्या गॅरेजमध्ये पडून राहतात.

म्हणून क्रम असा ठेवा. प्रथम ऑर्डिनन्समधील ऐतिहासिक संरक्षणाचे प्रकरण आणि टाउनने छापलेली डिझाइनची मार्गदर्शक तत्त्वे वाचा. नंतर कमिशनच्या सचिवाला कामांची यादी पाठवून कोणती कामे कार्यालयीन पातळीवर मंजूर होतात आणि कोणती पूर्ण बैठकीपुढे जातात ते विचारून घ्या. जशीच्या तशी दुरुस्ती बहुतेक ठिकाणी कार्यालयातूनच निघते. बैठका साधारणतः महिन्यातून एकदा होतात आणि अर्ज स्वीकारण्याची अंतिम तारीख बैठकीच्या बरीच आधी असते. ती चुकली की थेट पुढचा महिना. कायद्याप्रमाणे परमिटचा अर्ज कमिशनकडे आल्यापासून ४५ दिवसांत अहवाल द्यावा लागतो आणि न दिल्यास तो अनुकूल समजला जातो. मात्र अर्ज अपूर्ण असताना दिवस मोजत बसून उपयोग होत नाही.

अर्जासोबत सध्याचे फोटो, मोजमापांसह रेखाचित्र, प्रस्तावित सामानाचे उत्पादकाने दिलेले तपशीलपत्रक आणि शक्य असेल तेथे प्रत्यक्ष नमुना द्यावा. ‘चांगल्या प्रतीची खिडकी’ असे लिहून चालत नाही. काचेची विभागणी कशी, मधल्या पट्ट्या खऱ्या की वरून चिकटवलेल्या, चौकटीची खोली किती, हे विचारले जाणारच.

बैठकीत बोलताना ‘वीजबिल फार येते’ हा मुद्दा पहिला मांडू नका. कमिशनचे काम घराच्या बाह्यरूपाचे आहे. त्यांच्यापुढे मांडण्याचा प्रश्न ‘जे आहे ते दुरुस्त होण्याजोगे का नाही’ हा आहे. कुजलेल्या लाकडाचे फोटो आणि सुताराचा लेखी अभिप्राय तेथे वीजबिलापेक्षा जास्त वजनदार ठरतो.

सावधान: सौर पॅनेल, हीट पंपाचे बाहेरचे युनिट, कुंपण आणि ड्राइव्हवे या चार गोष्टी लोक हमखास विसरतात. पॅनेल रस्त्यावरून न दिसणाऱ्या उतारावर आणि युनिट मागच्या बाजूला दाखवले, तर मंजुरी सोपी होते. दाराला तोरण बांधायला अर्थातच कोणाची परवानगी लागत नाही. मात्र त्यासाठी कोरीव चौकटीला ड्रिलने भोके पाडू नयेत.

तपासा: मंजुरीच्या ठरावात अटी असतात. ठरावाची प्रत काँट्रॅक्टला जोडा आणि ‘ठरावाबाहेर काम केल्यास ते काढण्याचा खर्च काँट्रॅक्टरचा’ असे कलम घाला.

टप्पा ५: काम सुरू करताना

*शिसे.* १९७८ पूर्वीच्या घरात रंगात शिसे असू शकते. विक्रेत्याने माहितीपत्रक देणे बंधनकारक आहेच. शिवाय आतल्या बाजूने एका खोलीत ६ चौरस फुटांपेक्षा किंवा बाहेरून २० चौरस फुटांपेक्षा अधिक रंगवलेला भाग उखडला जाणार असेल, अथवा खिडक्या बदलल्या जाणार असतील, तर काँट्रॅक्टरकडे पर्यावरण संरक्षण एजन्सीचे प्रमाणपत्र हवे. ते कागदावर पाहा, शब्दावर विसंबू नका. घरात सहा वर्षांखालील मूल असेल, तर रंग खरवडण्याचे दिवस कुटुंबाने दुसरीकडे काढावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

*खिडक्या.* जुन्या लाकडी खिडकीचा बहुतांश भाग बहुधा ठणठणीत असतो. बिघडते ती तळाची पट्टी आणि उंबरा, कारण पाणी तेथे साचते. अणकुचीदार टोचा घेऊन खालच्या कोपऱ्यात दाबा. टोक जेमतेम रुतले तर लाकूड शाबूत आहे. लोण्यासारखे आत गेले तर तेवढाच तुकडा कापून नवा जोडता येतो. खिडकी वर न राहता धाडकन खाली येत असेल, तर भिंतीतल्या वजनाची दोरी तुटलेली असते आणि ती दोरी बदलणे हे काही तासांचे काम आहे. बाहेरून स्टॉर्म विंडो (मूळ खिडकीवरची जादा खिडकी) बसवली की उष्णतेचा मोठा प्रश्न मूळ खिडकीला हात न लावता सुटतो. एवढे करून पाहण्याआधी खिडक्या बदलायला निघू नये.

*वीट आणि ब्राउनस्टोन (तपकिरी वालुकाश्म).* सर्वांत भरून न येणारे नुकसान येथे होते. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक भिंती चुन्याच्या मॉर्टरमध्ये बांधलेल्या आहेत. गडावर दगडी चाकाखाली चुना मळण्याची घाणी ज्याने पाहिली आहे, त्याला चुन्याची ताकद वेगळी सांगायला नको. पण येथे महत्त्व ताकदीला नसून मऊपणाला आहे. सांध्यातील मॉर्टर विटेपेक्षा मऊ असले, तर भिंतीतला ओलावा सांध्यातून बाहेर पडतो आणि भिंत थंडी-उन्हात हलते तेव्हा ताण सांधा सोसतो. सांधे पोर्टलंड सिमेंटने भरले की ओलावा विटेतून वाट काढतो, हिवाळ्यात तेथेच गोठतो आणि विटेचा दर्शनी थर पापुद्र्यासारखा सुटतो. सिमेंट स्वस्त आणि झटपट असते, म्हणून गवंडी तेच सुचवतो. काँट्रॅक्टमध्ये मॉर्टरचे प्रमाण लिहून घ्या, मागच्या भिंतीवर आधी नमुन्याचा चौकोन करवून घ्या, आणि सांधे उकरताना उभ्या सांध्यात ग्राइंडर लावू देऊ नका, कारण त्याची पाती वरच्या-खालच्या विटेच्या कडा कापते. सँडब्लास्टिंग कोणत्याही परिस्थितीत नको. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या मोफत ‘प्रिझर्व्हेशन ब्रीफ्स’पैकी दुसरी पुस्तिका मॉर्टरवर आणि नववी लाकडी खिडक्यांवर आहे, काम देण्यापूर्वी दोन्ही वाचाव्यात.

टप्पा ६: घर भाड्याने देणार असाल तरच टॅक्स क्रेडिट

दुरुस्तीच्या पात्र खर्चावर २० टक्के संघराज्य टॅक्स क्रेडिट मिळते, ते उत्पन्न देणाऱ्या इमारतीला. स्वतः राहता त्या घराला नाही. नोंदणी झालेली किंवा नोंदणीकृत विभागातील महत्त्वाची ठरलेली इमारत असावी लागते, आणि साधारणपणे २४ महिन्यांच्या काळातील खर्च इमारतीच्या समायोजित मूल्यापेक्षा, किमान ५,००० डॉलरपेक्षा, जास्त व्हावा लागतो. क्रेडिट पाच वर्षांत विभागून मिळते. अर्जाचे तीन भाग आहेत: पहिला महत्त्वाविषयी, दुसरा प्रस्तावित कामाविषयी, तिसरा पूर्ण झालेल्या कामाविषयी. दुसरा भाग मंजूर होण्याआधी काम सुरू करणे म्हणजे क्रेडिट जुगारावर लावणे होय. शिवाय येथे आतल्या भागाचीही तपासणी होते. कमिशनने ज्या जिन्याकडे पाहिलेही नाही, तो जिना काढल्यामुळे क्रेडिट जाऊ शकते.

टप्पा ७: स्वतःहून नोंद करवायची असल्यास

ही पायरी ऐच्छिक आहे. प्रथम राज्याच्या हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन ऑफिसकडे प्राथमिक अर्ज करून घर पात्र आहे का याचा अभिप्राय घ्यावा. थेट नामांकनाचा फॉर्म भरायला बसणे म्हणजे कित्येक आठवड्यांचे श्रम पणाला लावणे. पात्रतेला सामान्यतः ५० वर्षांचे वय आणि चारपैकी किमान एक निकष लागतो: घटना, व्यक्ती, रचना अथवा पुरातत्त्वीय माहिती. त्याबरोबर वास्तूची अखंडताही, म्हणजे स्थान, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, भाव आणि संबंध या सात अंगांनी, टिकलेली असावी लागते.

नामांकनात सर्वाधिक घसरगुंडी ‘व्यक्ती’ या निकषावर होते. थोर माणूस तेथे एक रात्र मुक्कामाला होता, हे पुरेसे नाही. क्रांतियुद्धात वॉशिंग्टन न्यू जर्सीत इतक्या ठिकाणी राहिले की तो दावा ऐकून परीक्षकांचे कान किटलेले असतात. त्या व्यक्तीच्या कर्तृत्वाच्या काळाशी घराचा संबंध दाखवावा लागतो. स्थान हलले असेल तर अडचण आणखी वाढते. मेन्लो पार्कची एडिसन यांची प्रयोगशाळा हेन्री फोर्ड यांनी मिशिगनमध्ये नेऊन पुन्हा उभारली. आज एडिसन टाउनशिपमध्ये मूळ जागी स्मारक मनोरा आहे, प्रयोगशाळा नाही. उलट मार्गेटची लूसी १९७० मध्ये जागेवरून हलवूनही १९७६ मध्ये लँडमार्क झाली, पण अपवाद हत्तिणीला मिळाला म्हणून आपल्याला मिळेल असे समजू नये.

अभिप्राय अनुकूल आला की नामांकनाच्या फॉर्ममधील सातव्या भागात वर्णन आणि आठव्यात महत्त्व लिहावे, आणि दोन्हींची सरमिसळ करू नये. वर्णनात विशेषणे नकोत. मजले, साहित्य, बदल आणि त्यांची वर्षे हवीत. पुढे मालकांना व स्थानिक अधिकाऱ्यांना सूचना जाते, राज्याच्या रिव्ह्यू बोर्डाची बैठक होते, राज्याच्या अधिकाऱ्याच्या सहीने न्यू जर्सी रजिस्टरवर नोंद होते आणि मग फाइल नॅशनल पार्क सर्व्हिसकडे जाते, जेथे निर्णयासाठी ४५ दिवसांची मुदत असते. संपूर्ण ऐतिहासिक विभागाचे नामांकन असेल आणि एखाद्या मालकाला ते नको असेल, तर राष्ट्रीय यादीसाठी त्याचा आक्षेप नोटराइज केलेला हवा. बैठकीतले तोंडी बोलणे मोजले जात नाही, आणि बहुसंख्य मालकांनी आक्षेप घेतला तरच नोंद अडते.

नोंद झाल्यावर सरकारकडून पाटी येत नाही. ती स्वखर्चाने करून घ्यावी लागते. घर स्थानिक विभागात असल्यास तिच्या जागेची आणि आकाराची मंजुरी घ्या, आणि पाटीचे अँकर विटेत न ठोकता सांध्यातील मॉर्टरमध्ये बसवा.